लक्ष्मी कटक

लक्ष्मी कटक हा अरबी समुद्राच्या तळाशी असलेला एक लांबट उंचवटा आहे. सागरतळावरील अशा लांबट उंचवट्याला भूविज्ञानात कटक म्हणतात. मुंबईच्या पश्चिम-नैऋत्येस सुमारे ५०० किमी अंतरावर तो वायव्य-आग्नेय दिशेने पसरलेला असून त्याचे वायव्येकडील टोक पश्चिमेकडे वळलेले आहे. त्याची लांबी सुमारे ७०० किमी व रुंदी सुमारे १०० किमी आहे. त्याचा बहुतांश भाग सिंधू नदीने आणलेल्या गाळाखाली दडलेला असल्यामुळे केवळ समुद्राची खोली मोजून तो पूर्णपणे ओळखता येत नाही. गुरुत्वाकर्षण, चुंबकत्व आणि भूकंपीय लहरी यांच्या मोजमापांतूनच त्याचे स्वरूप कळले आहे.

हा कटक म्हणजे भारतीय भूखंडापासून तुटलेला, पातळ झालेला आणि बुडालेला एक तुकडा असावा, असे बहुसंख्य अभ्यासकांचे मत आहे. सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी भारत आणि सेशेल्स एकमेकांपासून दूर झाले, तेव्हा भूपट्टांची सीमा या तुकड्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकली आणि तो भारताच्या बाजूला राहिला. आज ही सीमा कित्येक शे किलोमीटर दूर, कार्ल्सबर्ग कटकावर आहे. लक्ष्मी कटक भारतीय भूपट्टाच्या अंतर्भागात आहे व तेथे सागरतळाची निर्मिती होत नाही. ज्या घडामोडींतून तो तयार झाला, त्यांच्या खुणा मात्र कोकणातही दिसतात. मुंबई, घारापुरी, उरण, जासई आणि पनवेल या पट्ट्यातील समुद्राकडे कललेले बेसाल्टचे थर ही त्यांतील सर्वांत ठळक खूण होय.

स्थान आणि परिसर

लक्ष्मी कटक आणि भारताचा खंडान्त उतार यांच्यामध्ये लक्ष्मी द्रोणी हा खोलगट प्रदेश आहे. ही द्रोणी सुमारे २०० ते २५० किमी रुंद असून तेथे समुद्र साधारण साडेतीन किलोमीटर खोल आहे. द्रोणीच्या मध्यावरून पाणबुड्या डोंगरांची एक ओळ जाते. त्यांना चंद्रशेखर व्यंकट रामन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक एन. के. पणिक्कर आणि भूवैज्ञानिक दाराशा नौशेरवान वाडिया यांची नावे दिलेली आहेत. त्यांपैकी वाडिया हा माथा सपाट असलेला सागरी डोंगर आहे. ही ओळ द्रोणीच्या बरोबर मध्यावर का आहे, हा प्रश्न पुढील वादात महत्त्वाचा ठरला.

कटकाच्या वायव्य भागाच्या उत्तरेस गोप खचदरी आहे. ती सौराष्ट्राच्या किनाऱ्यापलीकडे येते. कटकाच्या दक्षिणेस व नैऋत्येस अरबी समुद्राची खोल द्रोणी सुरू होते आणि ती थेट कार्ल्सबर्ग कटकापर्यंत जाते. आग्नेयेकडे लक्षद्वीप ते चागोस असा दुसरा मोठा कटक आहे. नकाशावर हे दोन्ही कटक एकाच मालिकेतले वाटण्याचा संभव असतो, पण त्यांची उत्पत्ती भिन्न आहे. चागोस-लक्षद्वीप कटक हा मुख्यतः रेयूनियन तप्तस्थलावरून भूपट्ट सरकत गेल्यामुळे उमटलेला ज्वालामुखींचा माग आहे. लक्ष्मी कटक भूखंडाचा तुटलेला तुकडा मानला जातो.

खंडीय तुकडा असल्याचा पुरावा

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बी. आर. नैनी आणि माणिक तलवानी या संशोधकांनी भारताच्या पश्चिम खंडान्त सीमेच्या रचनेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. लक्ष्मी कटक हा भूखंडाचा तुकडा असावा, ही कल्पना त्या अभ्यासातून रूढ झाली. त्यांचा युक्तिवाद दोन गोष्टींवर आधारलेला होता.

पहिली गोष्ट गुरुत्वाकर्षणाची. सागरतळावर खडकाचा उंचवटा असेल, तर पाण्यापेक्षा खडक जड असल्यामुळे त्याच्यावर गुरुत्वाकर्षण सहसा किंचित वाढलेले आढळते. लक्ष्मी कटकावर याच्या उलट, ते रुंद पट्ट्यात घटलेले आढळते. वरच्या उंचवट्यामुळे होणारी वाढ खालून कशाने तरी भरून निघते आणि तरीही तूट उरते, असा याचा अर्थ होतो. कटकाखाली हलक्या खडकांचे जाड कवच असून ते जड प्रावरणात खोलवर रुतलेले आहे, असे मानले की हे कोडे सुटते.

दुसरी गोष्ट भूकंपीय लहरींची. जहाजावरून निर्माण केलेल्या लहरी खालच्या थरांत वाकून परत येतात आणि त्यांच्या वेगावरून थरांची जाडी व घनता कळते. या मोजमापांत कटकाखालचे कवच सुमारे २० किमी जाड आढळले. सर्वसाधारण महासागरी कवचाची जाडी ६ ते ७ किमी असते, तर भारतीय द्वीपकल्पाखाली कवच ३५ ते ४० किमी जाड आहे. लक्ष्मी कटकाचे कवच या दोहोंच्या मध्ये येते. ताणल्यामुळे निम्म्यापर्यंत पातळ झालेले खंडीय कवच अशाच जाडीचे असणे अपेक्षित आहे. अर्थात, महासागरी कवचात ज्वालामुखीमुळे प्रचंड भर पडली तरीही ते एवढे जाड होऊ शकते. म्हणून केवळ जाडी हा निर्णायक पुरावा ठरत नाही. गुरुत्वाकर्षण, लहरींचा वेग आणि चुंबकीय नोंदी यांचा एकत्रित विचार करूनच हा निष्कर्ष काढलेला आहे.

समुद्रातच पण पाण्यावर उरलेला असा एक तुकडा तुलनेसाठी उपलब्ध आहे, तो म्हणजे सेशेल्स. त्यातील माहे बेटावरील ग्रॅनाइट सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीचा असून राजस्थानातील मालाणी समूहाच्या अग्निज खडकांशी त्याचे साम्य आहे. महासागराच्या मधोमध एवढा जुना ग्रॅनाइट भूखंडाच्या तुकड्याशिवाय आढळू शकत नाही. सेशेल्स आणि लक्ष्मी कटक एकाच फाटीच्या समोरासमोरच्या दोन कडा होत. त्यांतील एक कडा पाण्यावर राहिली, दुसरी गाळाखाली गेली.

भूपट्ट सीमेचे स्थलांतर

मादागास्करपासून भारत, सेशेल्स आणि लक्ष्मी कटक यांचा एकसंध भूभाग सुमारे साडेआठ ते पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला. कर्नाटकातील मालपेसमोरच्या सेंट मेरी बेटांवरील लाव्हा याच काळातला आहे. मादागास्कर आणि या भूभागामध्ये मास्करीन द्रोणी उघडत गेली. त्या वेळी भूपट्टांची मुख्य सीमा सेशेल्सच्या नैऋत्येला होती.

यानंतर ताणाचा दुसरा पट्टा सेशेल्स व लक्ष्मी कटक यांच्या ईशान्येस, म्हणजे आजची लक्ष्मी द्रोणी आणि गोप खचदरी येथे तयार झाला. येथे कवच ताणले गेले, फाटले आणि शिलारस वर आला. ही फाट पुढे रुंदावत गेली असती, तर लक्ष्मी कटक सेशेल्ससोबत भारतापासून दूर निघून गेला असता आणि आजचा अरबी समुद्र लक्ष्मी द्रोणीच्या जागी उघडला असता. पण तसे झाले नाही. येथील विस्तार थांबला आणि फाट कटकाच्या पलीकडच्या, नैऋत्येकडील बाजूला उघडली.

या स्थलांतराचा काळ बऱ्यापैकी निश्चित करता आला आहे. २००३ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी सेशेल्स आणि लक्ष्मी कटक अशा दोन्ही समोरासमोरच्या कडांवर भूकंपीय व चुंबकीय सर्वेक्षण केले. जेनी कोलियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार या दोहोंमध्ये नवा सागरतळ तयार होण्यास ६ कोटी ३४ लाख वर्षांपूर्वी सुरुवात झाली. सेशेल्समधील काही तरुण अग्निज खडकांचे वयही याच सुमाराचे निघाले. दख्खनच्या लाव्हाचा मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे महाराष्ट्राचे पठार घडवणारा प्रचंड उद्रेक आधी झाला आणि भूखंडाचे अंतिम विभाजन त्यानंतर दोन-तीन दशलक्ष वर्षांत झाले.

यातून एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. दख्खनसारखा महाउद्रेक नुकताच होऊन गेलेला असताना शेजारी उघडणाऱ्या महासागराच्या कडेवर शिलारसाचा महापूर यायला हवा होता. उत्तर अटलांटिकमध्ये ग्रीनलंड व युरोप वेगळे होताना तसेच घडले. पण लक्ष्मी कटक आणि सेशेल्स यांच्यामध्ये सुरुवातीला तयार झालेला सागरतळ बेताच्याच जाडीचा आहे. उलट कटकाच्या उत्तरेकडील गोप खचदरीत कवचाच्या तळाशी थिजलेल्या शिलारसाचा जाड थर आढळतो. टिम मिनशुल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये, तर जॉन आर्मिटेज आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये याचे स्पष्टीकरण खचदरीच्या पूर्वेतिहासात शोधले. आधीची ताणाची प्रक्रिया कटकाच्या ईशान्येस घडल्यामुळे खालील उष्णता आणि वितळण्याजोगे प्रावरण बऱ्याच अंशी तेथेच खर्च झाले आणि सीमा पलीकडे सरकली तेव्हा फारसे उरले नव्हते, असा त्यांचा आशय आहे. उद्रेक आणि विभाजन यांचे नाते समजून घेण्यासाठी केवळ तप्तस्थलाचे तापमान पुरेसे नाही, त्याआधी कवच कोठे व किती ताणले गेले होते हेही पाहावे लागते. लक्ष्मी कटकाचे जागतिक महत्त्व मुख्यतः या मुद्द्यामुळे आहे.

सीमा सरकल्यानंतर मास्करीन द्रोणीतील विस्तारही लवकरच थांबला. सेशेल्स आफ्रिकी भूपट्टाशी जोडले गेले, लक्ष्मी कटक भारतीय भूपट्टाशी. त्या काळात भारत वर्षाला १५ सेंमीहून अधिक वेगाने उत्तरेकडे सरकत होता.

लक्ष्मी द्रोणीचा वाद

कटक खंडीय आहे हे बहुतेकांना मान्य असले, तरी कटक आणि भारत यांच्यामधील द्रोणी कोणत्या कवचाची आहे याबाबत एकमत नाही.

सागरतळ तयार होताना त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा थिजणाऱ्या बेसाल्टमध्ये नोंदली जाते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र वेळोवेळी उलटत असल्यामुळे विस्तारकेंद्राच्या दोन्ही बाजूंना सारखेच चुंबकीय पट्टे तयार होतात. फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये ही कल्पना मांडली, ती अरबी समुद्रातील कार्ल्सबर्ग कटकावरील नोंदींच्याच आधारे, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील जी. सी. भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये लक्ष्मी द्रोणीतही मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना जुळणारे पट्टे असल्याचे दाखवले. त्यांच्या मते ही द्रोणी म्हणजे बंद पडलेले विस्तारकेंद्र असून पणिक्कर, रामन व वाडिया या डोंगरांची ओळ त्याच्या जुन्या अक्षावर आहे. हे खरे असेल, तर लक्ष्मी द्रोणीचा तळ महासागरी ठरतो आणि भारताच्या खंडीय कवचाची कड किनाऱ्याच्या बरीच जवळ येते.

दुसऱ्या मतानुसार द्रोणीचा तळ ताणलेल्या खंडीय कवचाचाच आहे. त्यात शिलारसाच्या उभ्या भित्ती घुसल्या आणि त्या भित्तींमुळेच चुंबकीय पट्ट्यांचा आभास होतो. के. एस. कृष्णा आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या मताची मांडणी केली. विशेष म्हणजे कृष्णा हे १९९४ च्या शोधनिबंधाचेही सहलेखक होते. द्रोणीच्या कडांवर समुद्राकडे उतरत जाणारे लाव्हाचे जाड थर आढळतात, त्यांचाही अर्थ दोन्ही पक्षांनी आपापल्या परीने लावला आहे.

द्रोणीच्या तळातील खडक प्रत्यक्ष हाती आला तो २०१५ मध्ये. आंतरराष्ट्रीय महासागर संशोधन कार्यक्रमाच्या ३५५ व्या मोहिमेत जॉइडेस रिझोल्यूशन या वेधन जहाजाने ३१ मार्च ते ३१ मे या काळात कोलंबो ते मुंबई असा प्रवास करून लक्ष्मी द्रोणीत दोन ठिकाणी विंधनछिद्रे घेतली. गोव्यातील राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडेय आणि अमेरिकेतील लुइझियाना राज्य विद्यापीठाचे पीटर क्लिफ्ट हे मोहिमेचे मुख्य वैज्ञानिक होते. मान्सून व हिमालयाची झीज यांचा इतिहास शोधणे हा मोहिमेचा प्रमुख हेतू होता, तरी तळखडकापर्यंत पोहोचणे हेही उद्दिष्ट होते. यू-१४५७ या ठिकाणी सागरतळाखाली सुमारे १,१०० मीटरवर वेधनयंत्र बेसाल्टमध्ये शिरले. त्या बेसाल्टवर साचलेला सर्वांत जुना गाळ सुमारे ६ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा निघाला.

एवढ्याने वाद मिटेल अशी अपेक्षा होती, ती पूर्ण झाली नाही. हे छिद्र द्रोणीच्या पश्चिम कडेला, कटकाच्या पायथ्याजवळ आहे आणि हाती आलेला बेसाल्ट काही मीटरांचाच आहे. तो महासागरी कवचाचा माथा असू शकतो, तसाच खंडीय कवचावर पसरलेला लाव्हाही असू शकतो. पुढे २०१९ मध्ये धनंजय पांडेय व सहकाऱ्यांनी या बेसाल्टच्या रासायनिक घडणीवरून एक तिसरीच शक्यता मांडली. त्यांच्या मते येथे एकेकाळी एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरण्याची प्रक्रिया नुकतीच सुरू होऊन थांबली असावी. हे मत अद्याप सर्वमान्य नाही. पश्चिम भारताची खंडान्त सीमा ताणातून बनली, हे सर्वच जुन्या प्रतिमानांत गृहीत धरलेले असल्याने या मतासाठी एका छिद्रापेक्षा बराच अधिक पुरावा लागेल.

हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नाही. द्रोणीखाली ताणलेले खंडीय कवच असेल, तर त्यावर दख्खनच्या लाव्हापूर्वीचे गाळाचे खडक शिल्लक असण्याची शक्यता उरते आणि खनिज तेलाच्या शोधात अशा खडकांना महत्त्व असते. तळ महासागरी असेल, तर ही शक्यता जवळपास संपते. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या ७६ व्या कलमात खंडमंचाची बाह्य मर्यादा ठरवताना महासागरी कटक आणि भूखंडाचाच नैसर्गिक भाग असलेले उंचवटे यांत फरक केलेला आहे. भारताने विस्तारित खंडमंचाबाबतचे पहिले निवेदन मे २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडे दाखल केले.

किनाऱ्यावरील खुणा : पनवेल फ्लेक्शर

माथेरान किंवा प्रबळगड यांच्या कड्यांत लाव्हाचे थर एकावर एक जवळपास आडवे रचलेले दिसतात. तेथून पश्चिमेला उतरून पनवेलच्या परिसरात आल्यावर हेच थर समुद्राकडे कलू लागतात. काही ठिकाणी हा कल २० अंशांहून अधिक होतो. किनाऱ्याला समांतर असा हा वाकलेल्या थरांचा पट्टा सुमारे १५० किमी लांब असून भूवैज्ञानिक त्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. पनवेलच्या पश्चिमेचे जासई, उरण, घारापुरी बेट आणि पुढे मुंबई हा सर्व प्रदेश या वाकाच्या समुद्राकडील बाजूस येतो. जासईच्या आसपासच्या डोंगरांचा आणि घारापुरीच्या लेण्यांचा खडक एकाच दख्खनी बेसाल्टचा आहे.

लाव्हा वाहतो तेव्हा तो साधारणपणे आडवाच पसरतो. म्हणून हा कल लाव्हा थिजल्यानंतर, किंवा निदान उद्रेकाच्या अखेरच्या काळात आला असला पाहिजे. पश्चिमेकडील कवच ताणून खाली खचले आणि त्याच्याबरोबर थर वाकले, हे जुने स्पष्टीकरण आहे. ए. जी. देसाई व एच. बर्ट्रां यांनी १९९५ मध्ये आणि हेतू शेठ यांनी १९९८ मध्ये या वाकाचा संबंध ताणामुळे निर्माण झालेल्या विभंगांशी जोडला. शेठ यांच्या मते खोल जाताना सपाट होत जाणाऱ्या वक्र विभंगावरून खडक घसरताना थर उलट दिशेने वाकले. दोन्ही स्पष्टीकरणांत मूळ कारण एकच राहते, ते म्हणजे समुद्राकडे होत असलेला ताण.

कालनिर्णयानेही या संबंधाला बळकटी दिली. कांचन पांडे, हेतू शेठ आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मुंबईतील बेसाल्टचे आरगॉन समस्थानिकांच्या पद्धतीने वय मोजले, ते सुमारे ६ कोटी २५ लाख वर्षे निघाले. म्हणजे मुंबईचे काही खडक घाटमाथ्यावरील लाव्हापेक्षा तीनेक दशलक्ष वर्षांनी तरुण असून त्यांचा काळ भारत, लक्ष्मी कटक आणि सेशेल्स यांच्या विभाजनाशी जुळतो. घारापुरीवरील लाव्हा व भित्तींच्या वयांत सुमारे ५० लाख वर्षांचा पल्ला आढळला. मुंबईत बेसाल्टखेरीज ट्रॅकाइट व रायोलाइट यांसारखे सिलिकायुक्त खडक, तसेच पाण्यात थिजलेला लाव्हा आढळतो. सह्याद्रीच्या एकसुरी बेसाल्टहून वेगळी अशी ही विविधता फाटणाऱ्या खंडाच्या कडेला अपेक्षितच आहे. घारापुरी पाहायला येणाऱ्यांना लेण्यांमुळे खडकाच्या उताराकडे पाहायला सहसा सवड होत नाही, पण बोटीतून बेटाकडे जाताना तो कल ध्यानात येऊ शकतो.

चुंबकीय अभ्यासाच्या दृष्टीनेही या परिसराला इतिहास आहे. समुद्रावर घेतलेल्या चुंबकीय नोंदींतून क्षेत्राचे दैनंदिन चढउतार वजा करावे लागतात आणि त्यासाठी किनाऱ्यावरील वेधशाळांच्या नोंदी उपयोगी पडतात. कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकात सुरू झालेले चुंबकीय मापन, मुंबईत विजेवरील ट्राम येणार असल्यामुळे, १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आले. या परंपरेतून १९७१ मध्ये स्वायत्त झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आज नवीन पनवेल येथे आहे.

विभाजनानंतरचा काळ

सीमा दूर गेल्यावर कटक थंड होत गेला आणि खचला. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारत व आशिया यांची टक्कर सुरू झाली, हिमालय वर येऊ लागला आणि त्याची झीज सिंधूवाटे अरबी समुद्रात साचू लागली. सिंधूच्या सागरी पंख्यातील गाळ उत्तरेकडे ९ किमीपेक्षाही जाड आहे. दक्षिणेकडे तो पातळ होत जातो, तरी लक्ष्मी कटकाचा मोठा भाग झाकण्याइतका तो पुरेसा ठरला.

३५५ व्या मोहिमेत या गाळात आणखी एका घटनेची नोंद मिळाली. सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारताच्या खंडान्त उतारावरून प्रचंड भूस्खलन होऊन त्याचा राडारोडा लक्ष्मी द्रोणीत पसरला. त्याला नटराज स्खलन असे नाव आहे. यू-१४५६ या ठिकाणी त्याची जाडी ३०० मीटरहून अधिक आढळली. एकूण घनफळ सुमारे १९,००० घन किमी असल्याचा अंदाज असून स्थिर खंडान्त सीमांवरील ज्ञात स्खलनांत त्याचा क्रमांक वरचा लागतो.

आजच्या सीमा

भारतीय आणि सोमाली भूपट्टांमधील सध्याची सीमा कार्ल्सबर्ग कटकावर आहे. या कटकाचा शोध १९२८ ते १९३० या काळातील डेन्मार्कच्या डाना मोहिमेत लागला व मोहिमेला अर्थसाहाय्य करणाऱ्या कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानावरून त्याला नाव मिळाले. तेथे सागरतळ वर्षाला साधारण दोन ते तीन सेंमी रुंदावतो. वायव्येस भारतीय व अरबी भूपट्टांमधील सीमा ओवेन विभंग पट्ट्यावर असून तेथील सापेक्ष हालचाल वर्षाला काही मिलिमीटर एवढीच आहे. कार्ल्सबर्ग कटकापासून ईशान्येकडे जाताना सागरतळाचे वय क्रमाक्रमाने वाढत जाते आणि सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांच्या पट्ट्यानंतर लक्ष्मी कटकाचा पायथा लागतो.